होड्या टेम्पोत, शिडं गाडीत: हैदराबादच्या शर्यतीची तयारी

जून लागला की मुंबईतल्या शिडाच्या होड्या किनाऱ्यावर पालथ्या पडतात. दर्या खवळलेला, कोळीवाड्यातल्या बोटीसुद्धा १ जून ते ३१ जुलै नांगरलेल्या. मग ज्याला शर्यतीची खुमखुमी आहे त्याने घाट चढून तळ्यावर जायचं. जुलैत हैदराबादला हुसेनसागरावर लेझर होड्यांच्या, म्हणजे एकट्याने हाकायच्या छोट्या शिडाच्या होड्यांच्या, शर्यती होतात. त्यासाठी मी आणि माझा भिडू गाडी काढतो. दोघंही एकाच वर्गात उतरतो, म्हणजे वाटेत सातशेएक किलोमीटर सोबती आणि पाण्यात एकमेकांच्या मुळावर. म्हणून आमच्या यादीचे दोनच भाग आहेत: 'दोघांत एक' आणि 'ज्याचं त्याचं'. कुठली वस्तू कुठल्या भागात, यावर आमचं जितकं भांडण झालंय तितकं पाण्यातही झालेलं नाही.

सुरुवात होडीपासून. लेझरचं अधिकृत नाव आता आयएलसीए, पण किनाऱ्यावर अजून लेझरच म्हणतात. लांबी ४.२३ मीटर, नुसत्या सांगाड्याचं वजन ५९ किलोच्या आसपास. दोन होड्या गाडीच्या टपाला झेपत नाहीत, तेव्हा तो मोह सोडा. १४ फुटी टेम्पो ठरवा. १४ फूट म्हणजे ४.२७ मीटर, होडी जेमतेम दोन-चार बोटं राखून बसते. पण टेम्पोवाला चौदा फुटी म्हणतो म्हणून विश्वास ठेवू नका; हौदा आतून टेपने मोजा आणि फाळका नीट लागतो का ते बघा. मागे माल बाहेर काढून हायवेवर गेलात तर पहिल्याच नाक्यावर अडकाल. होडी पालथी ठेवायची, भार कडांवर, खाली जुन्या गाद्या किंवा टायर. पट्टे आवळताना जोर दाखवायचा नाही. जास्त आवळलं की फायबरला पोचा येतो आणि तो पोचा जन्मभर तुमच्याकडे बघत राहतो. वरून ताडपत्री, जुलै आहे. टेम्पो एक दिवस आधी रवाना करा. क्लबातली आणखी चार डोकी भाड्यात आली तर उत्तमच.

डोलकाठीचे तुकडे चिंध्यांत गुंडाळून टेम्पोतच जाऊ द्या. शिडं, सुकाणू आणि डॅगरबोर्ड (होडी आडवी सरकू नये म्हणून मधून पाण्यात सोडायची फळी) मात्र गाडीत, नजरेसमोर. डॅगरबोर्डच्या कडेला टवका गेला की होडी रेंगाळते. शीड घडी घालून नेणाऱ्याशी मी बोलत नाही. ते गुंडाळायचं, आणि ती वळकटी गाडीत आमच्या दोघांच्या डोक्यांच्या मधून पुढच्या काचेपर्यंत येते. रात्रभर डाव्या बाजूच्याचा चेहरा दिसत नाही, हा फायदा समजा. वर्ग शेवटच्या क्षणी बदलणार असाल तर लक्षात घ्या, आयएलसीए सात आणि सहा या दोन वर्गांचा सांगाडा एकच असतो, बदलतं ते शीड (७.०६ ऐवजी ५.७६ चौरस मीटर) आणि डोलकाठीचा खालचा तुकडा. तो तुकडा चुकीचा आणला तर शीड नुसतं मिरवायला.

आता 'दोघांत एक'. अवजारांची पेटी: पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, पॉप रिव्हेटची गन, ओला घासायचा पॉलिश पेपर, डक्ट टेप, शीड सांधायची चिकटपट्टी, पाचसहा शॅकल (दोरी-शीड अडकवायच्या कड्या), दोरीचा एक जादा गुंडा, टोकं जाळायला लायटर. वाऱ्याची दिशा दाखवायला काठीवर बांधायची लोकर आईच्या विणकामाच्या पिशवीतून घ्यावी, विकतची इतकी हलकी नसते. भिडूच्या मते जुन्या कॅसेटची फीत सगळ्यात बरी. त्याच्याकडे अजून कॅसेटी आहेत, हे त्याच्याबद्दल पुष्कळ सांगून जातं.

'ज्याचं त्याचं' मध्ये पहिलं नाव बुचाचं. होडीच्या मागच्या बाजूला पाणी काढायचं एक भोक असतं, त्याला अंगठ्याएवढं बूच. एका वर्षी मी ते मुंबईलाच विसरलो. भिडूकडे जादा होतं. त्याने ते दिलं, पण आधी माझ्याकडून दोन दिवसांच्या जेवणाचं कबूल करून घेतलं, आणि वर शर्यतीतही माझ्या पुढे राहिला. तेव्हापासून बुचं माणशी दोन. घड्याळही स्वतःचं, उलटी मोजणी करणारं. सुरुवातीला पाच मिनिटं, चार मिनिटं, एक मिनिट असे झेंडे आणि भोंगे. भोंगा ऐकू नाही आला तरी झेंडा खरा, तेव्हा नजर शर्यत घेणाऱ्या समितीच्या होडीवर. लाइफ जॅकेट, हातमोजे, टोपी, पाण्याची बाटली यांत उसनवारी नाही.

कागद गाडीच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पिशवीत: 'नोटीस ऑफ रेस', म्हणजे शर्यतीच्या सूचनापत्रात, मागितलेलं सगळं, झेरॉक्ससकट. नियमपुस्तक २०२५ ते २०२८ चं घ्या, मागल्या चार वर्षांचं घेऊन वाद घालायला जाऊ नका. मार्काला, म्हणजे वळसा घालायच्या बोयाला, शिवलात तर होडीची एक गिरकी, दुसऱ्याला आडवे गेलात तर दोन, एवढं तरी तोंडपाठ हवं. समोर लष्कराच्या केंद्रांतली पोरं असतात, भोपाळच्या शिडाच्या होड्या शिकवणाऱ्या शाळेतली असतात. त्याच शाळेतल्या नेहा ठाकूरने हांगझोच्या आशियाई स्पर्धेत आयएलसीए चारमध्ये रौप्य आणलं. ही मुलं नियम कोळून प्यालेली असतात.

हुसेनसागराची स्वतंत्र तयारी लागते. पाणी स्वच्छ नाही, हे सरळ सांगतो. होडी उलटली की तोंड मिटा. हातापायावरच्या जखमांना पाण्यात न निघणारी पट्टी, शर्यतीनंतर साबणाने अंघोळ, गुळण्या, कानात थेंब. आधी आपल्या डॉक्टरांशी बोलून ठेवा. डॅगरबोर्डला प्लास्टिक आणि शेवाळ अडकतं, दर फेरीत उचलून बघायची सवय लावा. वारा चारी बाजूंच्या इमारतींमधून येतो, म्हणजे तुकड्यातुकड्यांत येतो. मधल्या बुद्धाच्या पुतळ्याआडही तो पडतो. एकाच दगडातला, सुमारे १८ मीटर उंच तो पुतळा १९९० साली नेताना तराफ्यावरून तळ्यात गेला होता आणि १९९२ साली वर काढून उभा केला. उलटलेल्या होडीला धरून पोहताना मला दरवेळी हे आठवतं.

रस्त्याचं फार सांगण्यासारखं नाही. द्रुतगती मार्ग, पुणे, मग ६५ नंबरचा महामार्ग: सोलापूर, उमरगा, जहिराबाद. फास्टॅग भरलेला, वायपर नवे, पहाटे चारला निघणं. भिगवणच्या पुढे उजनीचं पाणी दिसलं की गाडी थांबते आणि वारा कुठून आहे यावर पैज लागते. त्यासाठी वीस मिनिटं धरा. पोळ्या-भाजी घरची, पाण्यात खायला गूळ-शेंगदाणे, ओआरएसच्या पुड्या. सोलापूरची शेंगाचटणी येतानाच घ्या, जाताना घेतली तर हैदराबादपर्यंत उरत नाही. आणि एक करार निघण्याआधीच करा: एकमेकांवर प्रोटेस्ट, म्हणजे नियम मोडल्याची तक्रार, केला तर तो क्लबातच मिटवायचा, गाडीत काढायचा नाही. आम्ही हा करार सोलापूर यायच्या आत मोडतो.

येताना टेम्पो भरताना मोठ्याने मोजा: दोन सुकाणू, दोन डॅगरबोर्ड, डोलकाठीचे चार तुकडे, दोन बूम (शिडाखालच्या आडव्या काठ्या). मुंबईत पोचल्यावर सगळं गोड्या पाण्याने धुवा, बुटांत वर्तमानपत्र कोंबा, शिडं सावलीत वाळवा. होडीतला ओलावा जावा म्हणून बूच काढून ठेवावं लागतं. ते मी आता घराच्या किल्लीच्या जुडग्यात अडकवतो. बायको विचारते, हे काय आहे? तिला अजून पटलेलं नाही.