टोटल लॉस झालेली गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची असेल तर

गाडी टोटल लॉसमध्ये गेली म्हणजे ती भंगारातच गेली, असं नाही. गाडी ओढून आणण्याचा आणि दुरुस्तीचा मिळून खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत) ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी ती टोटल लॉस धरते. हा हिशोब पैशांचा आहे, पत्र्याचा नाही. चार वर्षं ओलांडलेल्या गाडीची आयडीव्ही नव्या किमतीच्या निम्म्यावर आलेली असते. मग दोन एअरबॅग उघडल्या आणि पुढचा भाग दबला, तरी खर्च ७५ टक्क्यांच्या वर जाऊ शकतो.

गाडी ठेवायची का, हे आधी कागदावर मांडा. समजा आयडीव्ही ४ लाख आहे, गाडीच्या कंपनीच्या वर्कशॉपचं एस्टिमेट ३ लाख २० हजार आलं आणि सॅल्व्हेजला (आहे त्या अवस्थेतल्या मोडक्या गाडीला) सर्वात मोठी बोली १ लाख ४० हजारांची लागली. गाडी तुम्ही ठेवली तर बोलीची रक्कम आणि सक्तीची वजावट (१५०० सीसीपर्यंत १ हजार) कापून २ लाख ५९ हजार हातात येतात. त्याच वर्कशॉपमध्ये दुरुस्ती केली तर ६१ हजार पदरचे जातात, आणि गाडी खोलल्यावर निघणारं नुकसान वेगळं. बाहेरच्या गॅरेजमध्ये खर्च बराच कमी होतो, म्हणून लोक गाडी ठेवतात. पण तो कुठे कमी केला जातोय, हे पाहिल्याशिवाय हो म्हणू नका. गाडीवर कर्ज असेल तर विम्याचे पैसे आधी बँकेकडे जातात, हेही धरून चाला.

दुरुस्तीवर रुपयाही खर्च करण्याआधी आरसीचं काय होणार, ते विमा कंपनीकडून लेखी घ्या. कायमची निकामी झालेली गाडी मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करायची, असं मोटार वाहन कायद्याचं कलम ५५ सांगतं. त्यावर बोट ठेवून काही कंपन्या आरसी रद्द केल्याशिवाय क्लेमचे पैसे सोडत नाहीत. आरसी रद्द झालेली गाडी सुट्या भागांपुरतीच उरते. ‘पुन्हा नंबर काढून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नका. गाडी ठेवायचीच असेल तर सॅल्व्हेज वजा करून, आरसी चालू ठेवून सेटलमेंट होणार आहे, असं पत्रात स्पष्ट लिहून आलं पाहिजे.

क्लेम मिळाला की जुनी पॉलिसी साधारणपणे तिथेच संपते, आणि तिच्यासोबत थर्ड पार्टीही. पॉलिसीवर तारीख शिल्लक दिसते म्हणून लोक गाडी चालवत राहतात, आणि इथेच फसतात. विम्याशिवाय पहिल्यांदा पकडल्यास २ हजार दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, पुन्हा पकडल्यास दंड ४ हजार. दंडाचं एक वेळ सोडा. कुणी जखमी झालं तर भरपाई तुमच्या खिशातून जाते. गॅरेजपर्यंत गाडी टोइंगनेच न्या.

दुरुस्तीत फसवाफसवी बऱ्याचदा एअरबॅगमध्ये होते. उघडलेल्या बॅगेसोबत सीटबेल्टचे प्रिटेन्शनर (धडकेत बेल्ट आवळणारे भाग) आणि बहुतेक वेळा एअरबॅगचं मॉड्यूलही (बॅग उघडण्याचा हुकूम देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) बदलावं लागतं. ते टाळण्यासाठी काही जण कनेक्टरमध्ये रेझिस्टर घालून दिवा विझवतात, नाहीतर मीटरमधला दिवाच काढून टाकतात. चावी ऑनवर फिरवा: एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर समजून जा. रेझिस्टरचा डाव मात्र दिव्यावरून कळत नाही, म्हणून बॅग आणि मॉड्यूलची बिलं पार्ट नंबरसकट मागा.

पुढचे चासीचे दांडे, एप्रन (पुढच्या चाकांवरचा आतला पत्रा) आणि ए पिलर (पुढच्या काचेच्या बाजूचे खांब) यांची मापं जिगवर (सांगाडा मापायच्या चौकटीवर) घ्यायला लावा. हाय स्ट्रेंथ स्टील गॅसने तापवून सरळ केलं की त्याची ताकद जाते, आणि पुढच्या धडकेत तो भाग कागदासारखा दुमडतो. अलाइनमेंटच्या प्रिंटवर कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल) मापात येत नसेल तर सांगाडा किंवा सस्पेन्शनचा भाग अजून वाकडा असू शकतो.

पुरातली गाडी असेल तर स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. आधी स्पार्क प्लग काढून इंजिन हाताने फिरवा (डिझेलला इंजेक्टर किंवा ग्लो प्लग काढून), मग इंजिन ऑइल, गिअर ऑइल आणि ब्रेक ऑइल बदला. पाणी डॅशबोर्डच्या वर गेलं असेल तर आमचं मत सरळ आहे: गाडी ठेवू नका. वायरिंगच्या कनेक्टरवर हिरवा गंज चढतो आणि सहा महिन्यांनी कुठलीही वस्तू अधूनमधून बंद पडू लागते. चिपळूण किंवा सांगलीकडची स्वस्त गाडी बघायला गेलात तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाची रेघ शोधा. सीट धुतात, बेल्ट कुणी धूत नाही.

काम झालं की विमा. थर्ड पार्टी सहज मिळते. ओन डॅमेजसाठी (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्यासाठी) कंपनी इन्स्पेक्शन करते. चासी नंबर, काचा, मीटर आणि इंजिनाचे फोटो घेतले जातात. आधीचा टोटल लॉस सांगा, बिलं आणि दुरुस्तीच्या आधीचे-नंतरचे फोटो जोडा. आपल्या आरसीवर टोटल लॉसचा शिक्का पडत नाही, ब्रिटनसारखी एस (सांगाड्याला इजा झालेली) किंवा एन (सांगाड्याला इजा नसलेली) अशी वर्गवारी नाही. म्हणून लपवण्याचा मोह होतो, पण जुना क्लेम कंपन्यांना शोधता येतो आणि लपवाछपवी पुढचा क्लेम नाकारायला पुरते. नो क्लेम बोनस शून्य झालेला असतो. फॉर्ममध्ये तो २० किंवा ५० टक्के टाकू नका. आयडीव्ही कमी धरतील, ती मान्य करावी लागते. एकाने नकार दिला तर दुसऱ्या कंपनीकडे जा, आणि तोवर थर्ड पार्टी घेऊन ठेवा.

गाडी न ठेवता सॅल्व्हेज कुणाला विकलंत तर फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदललंय ना, हे परिवाहन या सरकारी वेबसाइटवर स्वतः तपासा, नाहीतर आरसी रद्द करून घ्या. नुसत्या पावतीवर आरसी हातात देऊ नका. तुमचा चासी नंबर चोरीच्या गाडीवर चढला, तर पोलीस आधी तुमच्या दारात येतात.