व्हेस्टाचा ०.९३ मायक्रॉनचा खळगा पुण्यातून कसा टिपायचा

लघुग्रहांचं अवरक्त निरीक्षण म्हटलं की हवाईतल्या डोंगरावरची दुर्बीण आणि गार केलेले डिटेक्टर आठवतात. व्हेस्टा या लघुग्रहापुरतं मात्र आठ इंची दुर्बिणीवर भागतं. व्हेस्टाच्या पृष्ठभागावर बेसॉल्ट आहे आणि त्यातलं पायरॉक्सीन हे खनिज ०.९३ मायक्रॉनच्या (९३० नॅनोमीटरच्या) आसपासचा सूर्यप्रकाश शोषतं, म्हणून वर्णपटाच्या आलेखात तिथे खळगा पडतो. सिंहगडाच्या काळ्या कातळातही पायरॉक्सीन असतं, पण त्यात कॅल्शियम जास्त, म्हणून त्याचा खळगा १ मायक्रॉनकडे सरकतो. १९७० साली मॅककॉर्ड, ॲडम्स आणि जॉन्सन यांनी वर्णपटातल्या याच खुणेवरून व्हेस्टाची सांगड बेसॉल्टी उल्कांशी घातली. सिलिकॉनचा सेन्सर १.१ मायक्रॉनला आंधळा होतो. ०.९३ ला त्याला अंधुक का होईना दिसतं, आणि आपल्याला तेवढं पुरतं.

खरी अडचण हवेची आहे. बाष्पाचं शोषणही ०.९३ ते ०.९७ मायक्रॉनमध्येच येतं, म्हणजे पाण्याचा खळगा नेमका दगडाच्या खळग्यावर बसतो. दोघांना वेगळं करायला तुलनेचा तारा लागतो: त्याच्या वर्णपटात पाण्याचा खळगा असतो, दगडाचा नसतो. या कामात दुर्बिणीपेक्षा तारा जास्त महत्त्वाचा.

सामान: ट्रॅकिंग करणारा माउंट, २०० मिमी श्मिट-कॅसेग्रेन, इंचाला १०० नव्हे तर मिलिमीटरला १०० रेघांचं ग्रेटिंग, म्हणजे प्रकाश वर्णपटात पसरवणारी काच (स्टार अ‍ॅनलायझर १०० चालेल) आणि आयएमएक्स २९० सारखा सेन्सर असलेला मोनोक्रोम कॅमेरा. कॅमेऱ्याच्या काचेवर अवरक्त अडवणारा लेप नाही ना, हे घेतानाच विचारा. भिंगाची साधी दुर्बीण टाळा, तिच्यात अवरक्त प्रकाशाचा फोकस वेगळ्याच जागी पडतो.

ग्रेटिंग सेन्सरपासून ४० मिमीवर ठेवा. २.९ मायक्रॉनच्या पिक्सेलला प्रत्येक पिक्सेलमागे ०.७ नॅनोमीटर पडतात आणि शून्य क्रमाच्या ठिपक्यापासून (न पसरता सरळ आलेल्या प्रकाशापासून) १००० नॅनोमीटरपर्यंतचा वर्णपटाचा पट्टा ५.६ मिमी रुंद सेन्सरवर आरामात बसतो.

ग्रेटिंगच्या आधी, दुर्बिणीच्या बाजूला, ६१० नॅनोमीटरच्या पुढचाच प्रकाश सोडणारा लाल फिल्टर लावा. तो विसरलात तर ४७० नॅनोमीटरचा निळा प्रकाश दुसऱ्या क्रमात (ग्रेटिंगमधून दुप्पट पसरून येणाऱ्या वर्णपटात) बरोबर ९४० वर येऊन पडतो आणि खळगा भरून टाकतो. आलेख छान गुळगुळीत दिसतो, म्हणून ही चूक पटकन लक्षातही येत नाही.

रात्र डिसेंबर ते फेब्रुवारीमधली निवडा. तेव्हा हवा कोरडी असते. शहरापेक्षा पानशेत-वेल्ह्याची बाजू बरी, पण धरणाच्या काठावर मुक्काम नको: पहाटे दुर्बिणीच्या काचेवर दव धरतं. ड्यू हीटर पहिल्यापासून चालू ठेवा. व्हेस्टाची जागा नासाच्या जेपीएल होरायझन्स या संकेतस्थळावरून काढा आणि तो ४५ अंशांच्या वर असतानाच कामाला लागा. क्रांतिवृत्त पुण्यातून चांगलं उंचावरून जातं, त्याचा फायदा घ्या.

तुलनेचा तारा सूर्यासारखा हवा. १८ स्कॉर्पिआय (५.५ प्रत) उत्तम. १६ सिग्नी बी (६.२ प्रत) सुद्धा चांगला, पण त्याच्यापासून ३९ विकलांवर १६ सिग्नी ए आहे. कॅमेरा असा फिरवा की पट्टा त्या दोघांना जोडणाऱ्या रेषेला काटकोनात पडेल, नाहीतर दोन्ही वर्णपट एकमेकांत मिसळतात. वृषभेत हायडीजमधला एचडी २८०९९ मिळतो, तो ८.१ प्रतीचा असल्यामुळे एक्स्पोजर वाढवावं लागतं. यांपैकी व्हेस्टाच्या जवळचा तारा घ्या. दोघांच्या वायुभारातला (प्रकाश किती जाड हवेतून येतो त्या मापातला) फरक ०.१ च्या आत आणि वेळेतला अर्ध्या तासाच्या आत ठेवा.

फोकस ठिपक्यावर करू नका, पट्ट्याच्या ८५० नॅनोमीटरच्या भागावर करा. क्रम असा: तारा, व्हेस्टा, पुन्हा तारा. सहाव्या प्रतीला १५ सेकंदांच्या ४० फ्रेम पुरतात. ठिपका जळाला (जास्त प्रकाशाने पूर्ण पांढरा झाला) तरी चालेल, पट्टा जळता कामा नये. पट्टा प्रत्येक वेळी सेन्सरच्या त्याच ओळींवर, त्याच पिक्सेलांवर आणा. अवरक्तात सेन्सरच्या आतच परावर्तनामुळे लाटा उठतात. जागा तीच असेल तर भागाकारात त्या बऱ्याचशा जातात. याच सेन्सरच्या कडेला चकाकी येते, म्हणून तेवढ्याच एक्स्पोजरचे किमान २० डार्क (झाकण लावून काढलेल्या फ्रेम) घ्या आणि ते वजा करा.

तरंगलांबीसाठी व्याधाचा किंवा अभिजितचा एक वर्णपट घ्या: हायड्रोजनची ६५६ ची रेघ, ऑक्सिजनचे ६८७ आणि ७६० चे पट्टे. फ्रेम जुळवताना ७६० चा पट्टा खुंटी म्हणून वापरा.

पट्टा आडवा करून साधारण २५ ओळींची बेरीज करा आणि वरच्या-खालच्या आकाशाची सरासरी वजा करा. व्हेस्टाला हात लावण्याआधी ताऱ्याच्या पहिल्या वर्णपटाला त्याच्याच दुसऱ्या वर्णपटाने भागा. उत्तर सपाट आलं तर रात्र चांगली. ९४० ला उंचवटा किंवा खड्डा दिसला तर मधल्या वेळात हवेतलं बाष्प बदललंय, ती रात्र सोडून द्या. त्यावर गणिताची मलमपट्टी करत बसू नका.

मग व्हेस्टाच्या वर्णपटाला ताऱ्याच्या दोन्ही वर्णपटांच्या सरासरीने भागा, १० नॅनोमीटरचे गट करा आणि ७०० ला मूल्य १ धरा. आलेख ७५० च्या पुढे खाली वळून ९३० च्या आसपास तळाशी गेला पाहिजे. ९५० च्या पुढे गोंगाट इतका वाढतो की त्यावर विसंबू नये.

त्याच रात्री त्याच पद्धतीने सेरेस हा बटुग्रहही घ्या. या भागात त्याचा वर्णपट जवळपास सपाट असतो. सेरेसलाही ९३० ला खळगा आला, तर तुम्ही मोजलंत ते पाणी.

पायरॉक्सीनचा २ मायक्रॉनजवळचा दुसरा खळगा या सामानाने कधीच दिसणार नाही. त्यासाठी लडाखमधल्या हानलेच्या २ मीटर दुर्बिणीवरचा टिरस्पेक किंवा उत्तराखंडातल्या देवस्थळच्या ३.६ मीटर दुर्बिणीवरचा टॅनस्पेक यांसारखा अवरक्त वर्णपटमापक लागतो.