पडद्यावर झक्क, भिंतीवर काळपट: प्रिंट करताना या चुका टाळा

पहिल्या समूह प्रदर्शनात माझे चार फोटो लागले, चारही काळपट. लॅबवाल्याला मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्या. घरी येऊन पाहतो तर मॉनिटरचा ब्राइटनेस शंभर टक्क्यांवर! पडदा भगभगीत असला की एडिट करताना आपण फोटो नकळत गडद करत जातो, आणि कागदाला तर स्वतःचा उजेड नसतो. कॅलिब्रेटर (पडद्याचा उजेड आणि रंग मोजून जुळवणारं उपकरण) नसेल तर पडद्यावर पांढरी विंडो उघडा, शेजारी कोरा कागद धरा आणि दोन्ही सारखे दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. मोठ्या प्रिंटआधी त्याच कागदावर छोटी टेस्ट प्रिंट काढाच.

शटर दाबलं की फोटो झाला, या समजुतीतून बाकीच्या बहुतेक चुका होतात. अमेरिकन फोटोग्राफर अॅन्सेल अॅडम्सनं १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावरचा चंद्रोदय टिपला. निगेटिव्ह एकच, पण पुढची कित्येक वर्षं तो तिच्या प्रिंट काढत राहिला. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाशात ढग दिसतात, नंतरच्यांत ते जवळजवळ काळंभोर होत गेलं. म्हणून ‘मी एडिट करत नाही’ हे मला तरी अभिमानानं सांगण्यासारखं वाटत नाही.

आकाराचा हिशेब आधी करा. ६००० × ४००० पिक्सेलची फाइल ३०० पीपीआयला (दर इंचाला ३०० पिक्सेल) साधारण २० × १३ इंच होते. त्याहून मोठी करता येते, कारण मोठा फोटो लोक लांबून पाहतात. पण व्हॉट्सअॅपवरून फिरून आलेली फाइल लॅबला देऊ नका. मूळ फाइलच द्या.

खरा घात फ्रेममध्ये होतो, आणि आपल्याकडे तो पावसाळ्यात उघड होतो. फ्रेमवाला घाईत प्रिंट थेट काचेला टेकवतो. जुलैतल्या दमट हवेत आत पाणी धरतं, प्रिंट काचेला चिकटते. सोडवायला गेलात तर शाई काचेवरच राहते. मधे माउंट, म्हणजे प्रिंटभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, हवाच, त्याच्या जाडीमुळे काच आणि कागदात फट राहते. तो अॅसिड-फ्री मागा, साधा पुठ्ठा काही वर्षांत कागद पिवळा करतो. प्रिंटला सेलोटेप किंवा ब्राउन टेप अजिबात नको. कागदी कोपऱ्यांत अडकवली की पुरे. ओल येणाऱ्या भिंतीवर फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बूच किंवा रबराचे तुकडे लावा, म्हणजे हवा खेळते.

टांगताना फोटोचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर ठेवा. सोफ्यावर टांगायचा असेल तर हा नियम विसरा. समोर खिडकी नको, काचेत तीच दिसेल.

विकायचा विचार असेल तर किती प्रती काढणार ते आधीच ठरवा. दहा म्हटल्यावर अकरावी नाही, ‘आकार वेगळा आहे’ ही पळवाट तर नाहीच. ३/१० (दहापैकी तिसरी प्रत) असा आकडा आणि सही पेन्सिलीनं, कडेच्या कोऱ्या पट्टीवर करा. मागून बॉलपेननं केलीत तर अक्षरांचा दाब पुढे आकाशात उमटतो.