कोळंबीवरून पाण्यातले जिवाणू तपासताना या चुका टाळा

गोड्या पाण्यातली पोशा कोळंबी (मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी) रात्री तळाशी फिरून मिळेल ते खाते. त्यामुळे तिथले जिवाणू तिच्या आतड्यात, कल्ल्यांत आणि कवचावर सापडतात. पण कालवं-तिसऱ्यांसारखी ती पाणी गाळून खात नाही. त्यांचे ठोकताळे तिला लावले, तर पहिल्याच पायरीला फसगत होते.

कोळंबी कुठली? अंडी धरलेल्या माद्या पिल्लं सोडायला खाडीकडे उतरतात, म्हणजे जाळ्यात आलेली मादी त्याच डोहातली असेलच असं नाही. एकाच आकाराच्या कोळंब्या पिंजऱ्यात घालून ठरलेल्या जागी आठवडाभर ठेवा. आत पीव्हीसी पाइपचे तुकडे हवेतच. लपायला जागा नसली, की कात टाकलेली कोळंबी बाकीच्यांच्या पोटात जाते. ताजी कात टाकलेली कोळंबी नमुन्यातही नको: जुन्या कवचाबरोबर त्यावरचे जिवाणूही गेलेले असतात.

वाहतूक. कोळंबी निर्जंतुक पिशवीत घालून पेटीत बर्फावर ठेवा. वितळलेलं पाणी आत शिरता कामा नये. 6 तासांच्या आत कामाला लागा. फ्रीझरमध्ये ठेवून उद्या बघू म्हटलं, की बरेच जिवाणू मरतात आणि आकडा खोटा खाली येतो. पीसीआरसाठीचा (जिवाणूचा डीएनए वाढवून तो ओळखायच्या चाचणीसाठीचा) तुकडा 95 टक्के इथेनॉलमध्ये ठेवा. फॉर्मॅलिनने डीएनए खराब होतो.

कापण्याचा क्रम. सर्वांत जास्त घोळ इथे होतो. कवच 70 टक्के अल्कोहोलने पुसा, पण कवचावरचे जिवाणू मोजायचे असतील तर त्याआधी स्वॅब (निर्जंतुक बोळ्याने पुसून घेतलेला नमुना) घ्या. मग कल्ले, त्यानंतर डोक्यातली पिवळसर पाचकग्रंथी आणि सर्वांत शेवटी आतडं, म्हणजे स्वयंपाकघरात काढून टाकतो तोच पाठीतला काळा दोरा. तो आधी फुटला, की सगळंच बरबटतं. एका आतड्यात 1 ग्रॅमही माल निघत नाही, म्हणून पाचेक कोळंब्यांची आतडी एकत्र करा.

हिशोब. 1 ग्रॅम माल 9 मिलि सलाइनमध्ये (निर्जंतुक मिठाच्या पाण्यात) घातला, की तीच पहिली दहापट विरलता. समजा, हजारपट विरलतेतून 0.1 मिलि आगरवर (जिवाणू वाढवायच्या जेलीवर) पसरलं आणि 84 वसाहती (वाढलेल्या जिवाणूंचे ठिपके) आल्या. मग 84 × 10 × 1000, म्हणजे ग्रॅमला 8,40,000. मधले 10 (0.1 मिलि म्हणजे मिलिचा दहावाच भाग, म्हणून) विसरणारे पुष्कळ.

माध्यम. टीसीबीएस आगर (व्हिब्रिओ, म्हणजे कॉलऱ्याचा जिवाणू ज्या गटातला आहे ते जिवाणू वाढवायचं माध्यम) ऑटोक्लेव्ह करायचं, म्हणजे दाबाखालच्या वाफेत तापवायचं, नाही, नुसतं उकळायचं. त्यावर पिवळी वसाहत दिसली म्हणून ‘कॉलरा सापडला’ असं लिहू नका. इतर काही व्हिब्रिओ आणि एरोमोनास नावाचे जिवाणूही पिवळे उगवतात. संशयित वसाहत साध्या न्यूट्रिएंट आगरवर वाढवा, ती 0.5 टक्के सोडियम डीऑक्सिकोलेटच्या थेंबात कालवा आणि लूप (टोकाला कडं असलेली तार) हळूच उचला. चिकट तार लांबत गेली, तर कॉलऱ्याच्या व्हिब्रिओचा संशय बळावतो. पक्कं निदान मात्र अँटिसिरम (त्याच जिवाणूविरुद्धची प्रतिपिंडं असलेला द्रव) किंवा पीसीआरनेच होतं.

त्याच दिवशी त्याच जागेचं पाणी आणि गाळही घ्या. ते नसेल, तर आकडा वाढला तो पाण्यामुळे की कोळंबीच्या खाण्यामुळे, हे सांगता येत नाही.