जत्रेच्या नाटकाचं पोस्टर आणि जेपेग

पिवळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरांत नाटकाचं नाव, खाली कलाकारांचे फोटो, कोपऱ्यात देवस्थानचं चिन्ह. गोव्यात जत्रेच्या नाटकांची अशी पोस्टरं नेहमी दिसतात, आणि नेमकी हीच रचना जेपेगला, म्हणजे .jpg या चित्रफाइलीच्या स्वरूपाला, सोसत नाही.

१९९२ पासून प्रमाण मानलं गेलेलं हे स्वरूप फोटोंसाठी घडवलेलं आहे. ते चित्राचे ८×८ पिक्सेलांचे (चित्र ज्यांनी बनतं त्या बारीक ठिपक्यांचे) चौकोन पाडतं आणि डोळ्याला सहसा न जाणवणारे बारीक फरक टाकून देतं. रंगाची नोंद तर त्याहून विरळ ठेवतं, बहुतेक वेळा चार पिक्सेलांमागे एकच. चेहऱ्यात किंवा शिगम्याच्या चित्ररथाच्या फोटोत हे कळतही नाही. लाल अक्षराची कड मात्र फुटते आणि भोवती धुरकट ठिपके उमटतात.

म्हणून पोस्टरचं काम जिंप किंवा फोटोशॉप या चित्र घडवण्याच्या प्रोग्रामांच्या स्वतःच्या फाइलमध्येच करा. अक्षरं, फोटो, चिन्ह यांचे वेगवेगळे थर शाबूत राहतात. जेपेग अगदी शेवटी, एकदाच काढा. जिंपमध्ये एक्स्पोर्ट करताना क्वालिटी ९० ठेवा आणि सबसॅम्पलिंग (रंगाची नोंद किती विरळ ठेवायची ते) ४:४:४ निवडा, म्हणजे प्रत्येक पिक्सेलचा रंग वेगळा नोंदला जातो. फाइल थोडी फुगेल, ती फुगू द्या. एका प्रोग्रामातले ९० दुसऱ्यातल्या ९० इतकेच असतील असं समजू नका, प्रत्येकाची पट्टी वेगळी असते.

फाइल नुसती उघडून पाहिली किंवा कॉपी केली तर काही बिघडत नाही. बदल करून पुन्हा सेव्ह केली की बिघडते. डाव्या किंवा वरच्या कडेचे तीनच पिक्सेल कापले तरी चौकोनांची जुनी जाळी सरकते आणि नवे चौकोन जुन्यांच्या मध्ये पडतात. क्वालिटी ६० वर सेव्ह झालेली फाइल पुढे १०० वर सेव्ह करून गेलेला तपशील परत येत नाही, फक्त आकार वाढतो.

चिन्हासाठी पीएनजी वापरा, हे स्वरूप तपशील न टाकता चित्र दाबतं. जेपेगमध्ये पारदर्शकता नसते, त्यामुळे देवस्थानच्या चिन्हामागे पांढरा चौकोन येतो. पण सगळे फोटो पीएनजीत ठेवू नका. ए३ आकाराला ३०० डीपीआयने (छपाईत दर इंचाला ३०० ठिपके) ३५०८×४९६१ पिक्सेल लागतात, न दाबता ते सुमारे ५२ एमबी होतात. जेपेग तेवढंच चित्र काही एमबीत बसवतं, आणि फोटोपुरतं हे त्याचं बळ अजून मोठं आहे. दूधसागराचे तुषार आणि झाडी असलेला फोटो त्याच क्वालिटीला जास्त जागा घेतो. मिरामारच्या संध्याकाळच्या आकाशाला जागा कमी लागते, पण क्वालिटी खाली आणली की त्याच आकाशात पट्टे दिसू लागतात.

लहान फोटोचा नुसता डीपीआय आकडा ३०० केल्याने तो मोठा होत नाही, पिक्सेल तेवढेच राहतात.

छापखान्याला शक्यतो थरांच्या मूळ फाइलवरून काढलेली पीडीएफ द्या, अक्षरं त्यात पिक्सेल न होता रेषा म्हणूनच राहू शकतात. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र पुन्हा दाबलं जातं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि पाठवण्याआधी २०० टक्के झूम करून रफार आणि अनुस्वार तपासा, लहान अक्षरात अनुस्वाराचा ठिपका सगळ्यात आधी विरघळतो.