सेलाजिनेलाची नवी प्रजाती कशी ओळखावी आणि नोंदवावी

पावसाळ्यात आंबोली, कोयना किंवा गोव्यातल्या मोले परिसरात घाटातली ओली दरड जवळून बघितली, तर शेवाळ आणि लहान नेच्यांच्या गर्दीत चपट्या, खवलेदार फांद्यांचे हिरवे झुबके दिसतात. त्यांतले बरेचसे सेलाजिनेलाचे असतात. दिसायला ती शेवाळाची भावंडे वाटली तरी ही बीजुके (स्पोर) धरणारी, पाणी व अन्न वाहणाऱ्या संवहनी ऊती असलेली, लायकोफाइट या नेच्यांहून वेगळ्या गटातली वनस्पती आहे. जगात तिच्या सातशेच्या आसपास प्रजाती आहेत आणि बहुतेक उष्ण कटिबंधात. भारतात साठच्या आसपास मानल्या जातात. बाजारात ‘संजीवनी’ म्हणून विकली जाणारी, पाण्यात टाकली की उलगडणारी सेलाजिनेला ब्रायोप्टेरिस ही त्यांतली सर्वांत परिचित.

नवी वाटणारी सेलाजिनेला बहुतेक वेळा जुन्याच प्रजातीचे सावलीतले, उन्हातले किंवा कोवळे रूप निघते. म्हणून इथे सगळा भर आहे तो तुलना करता येईल असा नमुना गोळा करण्यावर आणि ती तुलना नीट करण्यावर. वेगळेपणाची शंका दरडीवर येते, पण तिचा निकाल हर्बेरियमच्या, म्हणजे सुकवलेल्या नमुन्यांच्या संग्रहालयाच्या, टेबलावरच लागतो.

जाण्यापूर्वी

वन विभागाची लेखी परवानगी आधी घ्या. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. परदेशी सहकारी अभ्यासात असेल किंवा नमुने बाहेर पाठवायचे असतील, तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या अटी सुरुवातीलाच बघा. परवानगी मागाहून मिळवू असे म्हणून गोळा केलेला नमुना पुढे होलोटाइप (नव्या नावाचा कायमचा आधार असलेला मूळ नमुना) ठरला, तर अडचण तिथेच उभी राहते.

मोसमाचे गणित साधे आहे. सह्याद्रीतल्या लहान, वर्षायू प्रजाती जूनच्या पावसावर उगवतात आणि त्यांचे शंकू (फांदीच्या टोकाचे बीजुके धरणारे भाग) साधारण ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत पक्व होतात. जुलैत गेलात तर पानेच मिळतील. नोव्हेंबरात उशीर केलात तर बीजुककोश फुटून रिकामे झालेले असतात, कारण पक्व कोश फुटताना बीजुके दूर फेकतो. पक्व शंकू नसलेल्या नमुन्यावरून नवी प्रजाती जाहीर करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पाने कितीही वेगळी दिसली तरी पुढच्या मोसमात पुन्हा जा.

दरडीवर

सोबत १० पट आणि २० पट भिंग, जीपीएस, वर्तमानपत्राच्या घड्या घातलेला हलका प्रेस (नमुने दाबून सुकवण्याची चौकट), कागदी पाकिटे, झाकणाच्या बाटलीत सिलिका जेल आणि ७० टक्के इथेनॉलच्या लहान कुप्या असू द्या. उपटताना बोटांनी ओढू नका. चाकूने मातीसकट पातळ थर उचला, कारण रायझोफोर म्हणजे फांदीच्या फाट्यातून निघून जमिनीकडे जाणारा, टोकाला मुळे फुटणारा दांडा कुठून निघतो, हे ओळखीसाठी फार महत्त्वाचे असते. तो फक्त खोडाच्या तळाशी आहे की सगळ्या खोडावर, फाट्याच्या वरच्या अंगाला आहे की खालच्या, हे तिथेच लिहा. दाबल्यावर ते कळत नाही.

वहीत आणखी काय लिहायचे? उंची, दरडीची दिशा, खडक बेसॉल्ट की जांभा, सावली किती, पाणी ठिबकते का, खोड सरपटते की उभे राहते, पानांचा जिवंत रंग आणि निळसर झाक असली तर तीही. ती झाक सुकल्यावर जाते आणि त्याच झाडाच्या उन्हातल्या फांद्यांवर नसूही शकते, म्हणून तिच्यावर प्रजाती उभी करायची नाही. गुरुबीजुकांचा (मोठ्या, मादी बीजुकांचा) ताजा रंगही नोंदवा. पांढरा, मलईसारखा, पिवळा, केशरी, तपकिरी असे त्यांचे प्रकार असतात आणि काही रंग वर्षानुवर्षे ठेवलेल्या नमुन्यात फिके होतात.

एकाच दरडीवर दोन प्रजाती एकमेकींत गुंतून वाढणे ही इथली नेहमीची गोष्ट आहे. गोळा केलेला झुबका वर्तमानपत्रावर पसरून एकेक रोप वेगळे करा आणि भिंगातून तपासा. वनस्पतींच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार टाइप नमुना, म्हणजे नावाला आधार असलेला नमुना, एकाच प्रजातीचा असावा लागतो. मिश्र नमुन्यावर नाव दिले की ते नक्की कोणाचे, हा वाद पुढच्या पिढीच्या गळ्यात पडतो. एका जागी, एका दिवशी, एका प्रजातीला एकच गोळा-क्रमांक द्या. वस्ती लहान असेल तर वीसांतले एखादेच रोप घ्या. चार-पाच रोपेच उभी असतील तर एक फांदी आणि भरपूर छायाचित्रे पुरेत.

सुकवणे

सेलाजिनेला तोडल्यावर काही मिनिटांत पाने मिटायला लागते, म्हणून प्रेस जागेवरच करायचा. काही फांद्या वरची बाजू दिसेल अशा आणि काही खालची बाजू दिसेल अशा ठेवा. पावसाळ्यात कागद पहिले दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ बदला, नाहीतर बुरशी येते. ड्रायर वापरत असाल तर ४० ते ४५ अंश सेल्सियसच्या पुढे जाऊ नका. जास्त उष्णतेने पाने ठिसूळ होऊन गळतात आणि शंकू विस्कटतात. पक्व शंकूंचे वेगळे कागदी पाकीट करा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बीजुके भिंतीला चिकटतात आणि ओल राहते.

डीएनएसाठी स्वच्छ धुतलेले कोवळे शेंडे, वजनाच्या किमान दहापट सिलिका जेलमध्ये ठेवा. एका दिवसात ते कुरकुरीत सुकायला हवेत. दाण्यांचा रंग बदलला तर जेल बदला.

सूक्ष्मदर्शकाखाली

खरे काम इथे आहे, आणि त्याला घाई चालत नाही. फांदी गरम पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकून काही मिनिटे भिजवली की पाने पुन्हा उलगडतात. मग स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली फांदी नेहमी एकाच बाजूने ठेवा, मधल्या पानांची बाजू वर. दिशा चुकली की पुढची सगळी वर्णने उलटी होतात.

बहुतेक प्रजातींत पाने चार ओळींत असतात. दोन ओळी मोठ्या, बाजूला पसरलेल्या पानांच्या आणि दोन ओळी लहान, वरच्या अंगाला चिकटलेल्या मधल्या पानांच्या. शिवाय प्रत्येक फाट्यात एक कक्षस्थ पान असते. नवशिके बाजूची पाने मोजून थांबतात. पण जवळच्या प्रजातींमधला फरक बहुधा मधल्या आणि कक्षस्थ पानांत लपलेला असतो. मधल्या पानाचे टोक टोकदार आहे की लांब केसासारखे, तळाशी कान आहेत का, कडा साधी, दातेरी की केसाळ, कडेला पारदर्शक पेशींची पट्टी आहे का आणि ती किती पेशींची रुंद आहे, पर्णरंध्रे एका पृष्ठावर की दोन्ही, की फक्त शिरेजवळ आणि कडेला, हे एकेक करून बघा. सेलाजिनेला डेलिकॅट्युलाच्या पानांची कडा साधी असते, तर सेलाजिनेला सिलिआरिसची केसाळ. एवढ्या ठळक फरकावर भागेल असे मात्र क्वचितच होते.

पान सुटे करून लॅक्टिक आम्लाच्या थेंबात कोमट केले की पारदर्शक होते. मग १०० ते ४०० पटींवर कडेच्या पेशी मोजता येतात.

मापे कुठल्या भागाची घेतली हे न लिहिणे हा या कामातला सर्वांत महागात पडणारा दोष आहे. मुख्य खोडावरची पाने, पहिल्या फांदीवरची आणि शेंड्याजवळची पाने एकाच रोपावर वेगवेगळ्या आकाराची असतात. तिन्ही भागांची मापे वेगळी ठेवा. किमान पाच रोपे, प्रत्येक भागाची दहा पाने मोजा आणि सर्वांत लहान व सर्वांत मोठे माप दोन्ही नोंदवा. शक्य असेल तर सावलीतल्या आणि उघड्यावरच्या रोपांची मापेही वेगळी घ्या. त्यांच्यात जो गुण बदलतो तो निदानात (प्रजाती इतरांहून वेगळी कशी हे सांगणाऱ्या थोडक्यातल्या वर्णनात) घालू नका.

शंकूकडे बघताना पहिला प्रश्न असा की बीजुकपर्णे (बीजुककोश धरणारी पाने) सगळी सारखी आहेत की दोन आकारांची. सेलाजिनेला डेलिकॅट्युलात ती सारखी, म्हणून शंकू चौकोनी दिसतो. दोन आकारांची असतील तर मोठी बीजुकपर्णे कुठल्या बाजूला आहेत ते बघा. बाजूच्या पानांच्या पातळीत मोठी बीजुकपर्णे असतील तर शंकू सरळ. मधल्या पानांच्या बाजूला मोठी असतील तर उलटलेला, सेलाजिनेला सिलिआरिससारखा. ही एक गोष्ट चुकली तर ओळखीच्या किल्लीत पूर्ण चुकीच्या फांदीवर जाल. मग गुरुबीजुककोश कुठे आहेत ते बघा: तळाशी, एका ओळीत की विखुरलेले.

गुरुबीजुककोशात साधारणतः चार गुरुबीजुके असतात, खसखशीच्या दाण्याहून बारीक, बहुधा ०.२ ते ०.६ मिलिमीटर व्यासाची. लघुबीजुके (लहान, नर बीजुके) काही दशक मायक्रोमीटरची. स्कॅनिंग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी सुकी बीजुके कार्बन टेपवर ठेवून सोन्याचा मुलामा द्या आणि तीन शिरांची खूण असलेली बाजू व विरुद्ध बाजू, दोन्ही टिपा. पृष्ठावरची जाळी, गाठी, कडा यांचे वर्णन दोन्ही बाजूंसाठी वेगळे लिहायचे. अपक्व बीजुकांवर नक्षी पूर्ण बनलेली नसते आणि अशा छायाचित्रांवरून केलेले वर्णन पुढे खोटे ठरते. कोश तपकिरी होऊन चीर पडू लागलेला असेल, तेव्हाचीच बीजुके घ्या.

जुने नाव आधी शोधा

आता मुख्य परीक्षा. आर. डी. दीक्षित यांचा भारतीय सेलाजिनेलासी कुळावरचा १९९२चा मोनोग्राफ हा पहिला टप्पा, पण त्यावर थांबू नका. २०१७पासून प्रसिद्ध झालेल्या फ्रेझर-जेंकिन्स आणि सहकाऱ्यांच्या भारतीय नेचे व लायकोफाइट यांच्या टिपणयुक्त यादीत अनेक नावांची फेरतपासणी झाली आहे. श्रीलंका, म्यानमार, दक्षिण चीन आणि मलेशियाच्या प्रजातीही बघा, कारण वनस्पतींचा विस्तार राजकीय सीमा मानत नाही. पुण्यातले भारतीय वनस्पति सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाचे हर्बेरियम, आघारकर संशोधन संस्था, मुंबईच्या सेंट झेवियर्सचे ब्लॅटर हर्बेरियम, कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ आणि हावड्याचे केंद्रीय राष्ट्रीय हर्बेरियम इथले नमुने प्रत्यक्ष हाताळा. लंडनचे क्यू आणि इतर परदेशी हर्बेरियममधले टाइप नमुने ऑनलाइन छायाचित्रांत बघता येतात, मात्र मधल्या पानाची कडा छायाचित्रात दिसेलच असे नाही. तेव्हा तिथल्या क्युरेटरला पत्र लिहून नेमका त्या भागाचा मोठा फोटो मागा. बहुतेक जण आनंदाने पाठवतात.

सिनॉनिम (त्याच प्रजातीचे दुसरे नाव) म्हणून बाजूला टाकलेली नावे नक्की तपासा. तुमची ‘नवी’ प्रजाती खरोखर वेगळी असेल, पण तिला एकोणिसाव्या शतकात कोणीतरी नाव दिलेले असू शकते. तसे असेल तर ते नाव पुन्हा जिवंत करणे हेच योग्य काम. रिसॉर्ट, नर्सरी किंवा बागेच्या आसपास सापडलेली असेल तर चीनची सेलाजिनेला अनसिनाटा आणि आफ्रिकेची सेलाजिनेला क्राउसियाना यांसारख्या शोभेच्या प्रजाती आधी वगळा. त्या बागेबाहेर सहज पसरतात.

वर्गीकरणात जागा

वेस्टस्ट्रँड आणि कोराल यांनी २०१६मध्ये हा वंश सात उपवंशांत मांडला. बहुतेक उष्ण कटिबंधीय प्रजाती स्टॅकिगायनँड्रम उपवंशात येतात. सगळी पाने सारखी आणि मळसूत्री असतील तर रुपेस्ट्री उपवंश, दक्षिण भारतातल्या सेलाजिनेला वायटियाईसारखी. झोउ आणि झांग यांनी २०२३मध्ये हे कुळ १९ वंशांत विभागण्याचा प्रस्ताव मांडला आहे. कुठली मांडणी पाळता ते स्पष्ट लिहा.

डीएनएसाठी आरबीसीएल आणि आयटीएस हे डीएनएचे खंड चालतात. नेच्यांत सर्रास वापरला जाणारा ट्रन-एल-एफ हा खंड इथे कामाचा नाही, कारण सेलाजिनेलाच्या प्लास्टिडमधून (हरितलवकातून) बरीच टीआरएनए जनुके नाहीशी झाली आहेत. आयटीएसचे प्रायमर (तो खंड वाढवून घेणारे डीएनएचे छोटे तुकडे) बुरशी किंवा शेवाळही उचलतात, त्यामुळे आलेला क्रम आधी ब्लास्टवर (डीएनए क्रमांची तुलना करणाऱ्या ऑनलाइन साधनावर) तपासून घ्या. डीएनएवरून काढलेल्या वंशवृक्षावर वेगळी फांदी दिसली म्हणजे प्रजाती सिद्ध झाली असे नाही. रचनेतले किमान दोन-तीन स्थिर फरक सोबत असावेत.

नाव आणि प्रकाशन

नाव वैध ठरायला लॅटिन किंवा इंग्रजीत वर्णन अथवा निदान, ‘होलोटाइप’ची स्पष्ट नोंद आणि तो कुठल्या हर्बेरियममध्ये ठेवला आहे त्याचा उल्लेख, हे सगळे लागते. यातले एक जरी राहिले तरी नाव अवैध. सेलाजिनेला स्त्रीलिंगी असल्याने विशेषण स्त्रीलिंगीच हवे. हे नाव आधी कोणी वापरलेले नाही ना, हे आयपीएनआयवर (वनस्पतींच्या नावांच्या आंतरराष्ट्रीय सूचीवर) शोधा. निदानात सर्वांत जवळच्या प्रजातीशी तुलना करा आणि प्रत्येक गुणाची दोन्हीकडची मापे समोरासमोर ठेवा. ‘आकाराने मोठी’ एवढे लिहून कोणालाच ओळख पटत नाही.

जैविक विविधता कायदा, २००२च्या कलम ३९नुसार नव्याने सापडलेल्या वर्गकाची (प्रजातीसारख्या वर्गीकरण-गटाची) माहिती आणि पुरावा-नमुना नियुक्त भांडार संस्थेकडे द्यावा लागतो, म्हणून होलोटाइप खासगी संग्रहात ठेवू नका. प्रजाती नामशेष होण्याच्या धोक्याचे मूल्यमापन करताना व्याप्ती क्षेत्र २ किलोमीटर बाजूच्या चौकटींवर मोजले जाते. एकाच दरडीवरून माहीत असलेल्या प्रजातीसाठी आजूबाजूच्या तशाच जागा शोधून झाल्या नसतील, तर ‘अपुरी माहिती’ हाच वर्ग द्या. शोभेच्या व्यापाऱ्यांचे लक्ष जाईल अशी प्रजाती असेल तर लेखात गाव आणि तालुका छापा, अचूक अक्षांश-रेखांश हर्बेरियमच्या नोंदीत राहू द्या.

लेख छापून आला की डुप्लिकेट नमुन्यांवर आयसोटाइपच्या (होलोटाइपच्याच गोळा-क्रमांकाच्या जोड नमुन्याच्या) चिठ्ठ्या चिकटवून ते किमान दोन वेगळ्या हर्बेरियमना पाठवा, आणि जेनबँक या डीएनए क्रमांच्या सार्वजनिक साठ्यातल्या प्रत्येक क्रमासोबत गोळा-क्रमांक व हर्बेरियमचा संकेत जोडला आहे ना, ते तपासा.