कुड्याची पानं आणि साल: अल्कलॉइड, अँटिऑक्सिडंट टेस्ट नीट कशी करायची

बीएस्सी-एमएस्सीच्या प्रोजेक्टला हा विषय घेतला असेल तर झाड पांढरा कुडा घ्या. कोकणात, सह्याद्रीच्या उतारावर भरपूर मिळतो, सालीत कोनेसिन हे अल्कलॉइड (वनस्पतीत तयार होणारं नायट्रोजनयुक्त रसायन) असतं हे पक्कं माहितीये, आणि कुटजारिष्ट हे आयुर्वेदिक औषध याच सालीचं बनतं. फक्त काळ्या कुड्याशी गल्लत करू नका, चीक दोन्हीला पांढराच येतो, पण फूल हातात घेऊन बघा, काळ्या कुड्याच्या फुलात मधोमध झालरीसारखे बारीक तंतू दिसतात, पांढऱ्याच्या फुलात ते नसतात. फुलासकट फांदी दाबून वाळवा, कागदावर चिकटवून हर्बेरियम शीट करा आणि पुण्याच्या बोटॅनिकल सर्व्हेच्या ऑफिसातून ओळख पक्की करून घ्या, बाकीचं सगळं त्याच्यावरच उभं आहे.

साल काढताना खोडाभोवती गोल कधीच सोलू नका प्लीज, अन्नरस खाली नेणारा थर तुटला की झाड मरतंच. जाड फांदीची, एका बाजूची, छोटी चकती पुरते.

पानं आणि साल वेगवेगळी, सावलीत वाळवा, मिक्सरला फिरवून चाळून घ्या. 10 ग्रॅम पावडर, 100 मिली मेथॅनॉल, 24 तास शेकरवर, मग गाळून मेथॅनॉल पूर्ण उडवा. पूर्ण म्हणजे पूर्ण, कारण मेयर टेस्टचा (अल्कलॉइड ओळखायची एक टेस्ट) साका, म्हणजे न विरघळता खाली बसणारा गाळ, अल्कोहोलमध्ये विरघळतो, मग अल्कलॉइड असूनही टेस्ट निगेटिव्ह येते आणि पोरं बिचारी सालीला दोष देत बसतात. उरलेल्या चिकट अर्कातला थोडा 2 टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये ढवळून गाळा, पानांचं हिरवं बरंचसं फिल्टर पेपरवरच राहतं. गाळलेलं पाणी तीन टेस्ट ट्यूबमध्ये घ्या, प्रत्येकीत अल्कलॉइड ओळखायचं एकेक रिएजंट घाला: ड्रॅगनडॉर्फला नारिंगी-लाल, मेयरला दुधाळ, वॅगनरला तपकिरी-लाल साका यायला हवा.

एकट्या ड्रॅगनडॉर्फवर विसंबू नका, प्रोटीनमुळेही तो फसवतो. म्हणून ॲसिडचं पाणी अमोनियाने पीएच 9-10 वर न्या, सेपरेटिंग फनेलमध्ये क्लोरोफॉर्मबरोबर हलवा, खालचा थर काढून फ्यूम हूडमध्ये उडवा. हा झाला अल्कलॉइडचा भाग, याच्यावर परत टेस्ट आली तर बिनधास्त लिहा.

आता अँटिऑक्सिडंट. डीपीपीएच म्हणजे जांभळ्या रंगाचं फ्री रॅडिकल, अँटिऑक्सिडंट भेटला की त्याचा रंग उडतो. 3.94 मिग्रॅ डीपीपीएच 100 मिली मेथॅनॉलमध्ये घातलं की 0.1 मिलिमोलर होतं, बाटलीला फॉइल गुंडाळा आणि त्या त्या दिवशी ताजंच करा. अर्काचे 10 ते 200 मायक्रोग्रॅम प्रति मिली असे पाच पातळ नमुने डीपीपीएचमध्ये मिसळा, अंधारात 30 मिनिटं, मग 517 नॅनोमीटरला रीडिंग. जांभळा रंग पिवळा पडतो. कंट्रोलच्या (अर्क न घातलेल्या डीपीपीएचच्या) रीडिंगमधून नमुन्याचं वजा, भागिले कंट्रोल, गुणिले 100, म्हणजे किती टक्के रंग उडाला ते. सालीच्या अर्काचा स्वतःचा तपकिरी रंगही त्याच रीडिंगमध्ये मिसळतो, त्यामुळे डीपीपीएच न घालता अर्काचा वेगळा ब्लँक लावा, हे बरेच जण विसरतात. स्टँडर्डला, म्हणजे तुलनेला, ॲस्कॉर्बिक ॲसिड. आयसी 50 (50 टक्के रंग उडवायला लागणारं अर्काचं प्रमाण) जितका कमी तितकी ताकद जास्त.

आणि खरी गोष्ट इथे आहे. एका टेबलात अल्कलॉइड पॉझिटिव्ह, दुसऱ्यात डीपीपीएच चांगलं, की लगेच "अल्कलॉइडमुळे अँटिऑक्सिडंट गुण" असं लिहून मोकळं व्हायचं, हे मला अजिबात पटत नाही. डीपीपीएचचा रंग उडवण्यात फिनॉल आणि टॅनिन पुढे असतात, ते आपला हायड्रोजन देतात, आणि कोनेसिनच्या रेणूत तर ऑक्सिजनच नाही, म्हणजे फिनॉलचा ओएच गट असायचा प्रश्नच येत नाही! म्हणून अख्खा अर्क आणि अल्कलॉइडचा भाग, दोन्हींवर डीपीपीएच करा, सोबत फोलिन रिएजंटने 765 नॅनोमीटरला एकूण फिनॉलही मोजा, गॅलिक ॲसिडच्या हिशोबात. अख्खा अर्क जोरात आणि अल्कलॉइडचा भाग थंड निघाला तर तेच तुमचं उत्तर, तसंच लिहा.

मेयरमध्ये पारा असतो, तो बेसिनमध्ये ओतू नका, वेगळ्या बाटलीत जमवून लॅब असिस्टंटकडे द्या.